मल्टिव्हिटॅमिन कोणतं, हे नंतर बघू

प्रश्न : माझं वय ४२. नागपूरला मनीष नगरात राहते, हिंगण्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मागच्या दिवाळीपासून अंगात त्राणच राहिलं नाही. पहाटे साडेपाचला नळ येतो म्हणून उठते, तेव्हाच थकलेली असते. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावली की जिना चढायच्या आधी पायरीवर बसावंसं वाटतं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून दोन महिने मल्टिव्हिटॅमिन घेतलं, सकाळी चहासोबत. फरक काही नाही, लघवी मात्र भडक पिवळी होते. केस गळतात म्हणून बायोटिनही सुरू आहे. औषधांच्या दुकानातला मुलगा म्हणतो दुसऱ्या कंपनीचं घ्या, त्यात जिनसेंग आहे. वहिनींना बी १२ च्या इंजेक्शनांनी एकदम फरक पडला. सासूबाई म्हणतात सलाईन लावून घे आणि बीट खा. घरी पूर्ण शाकाहार, अंडंही चालत नाही. यजमानांना शुगर आहे, तरी ते माझ्याहून टणटणीत. पाळी आठ-आठ दिवस चालते, पण आमच्या आईलाही तसंच होतं. हल्ली तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायची सवय लागली आहे, मुलगी हसते. मी कोणतं जीवनसत्त्व सुरू करू? आणि या गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर : ताई, प्रश्न तुम्ही जीवनसत्त्वांचा विचारलात, पण जिनसेंगपर्यंत वाचत आले तोवर मला विशेष काही सापडलं नव्हतं. सापडलं ते शेवटी, जाता जाता लिहिल्यासारख्या दोन वाक्यांत. पाळी आठ दिवस आणि कच्चे तांदूळ.

तांदळाचं आधी सांगते, कारण ते तुम्हाला गमतीचं वाटतंय. शरीरातलं लोह फार कमी झालं की काही जणींना खाण्यासारख्या नसलेल्या गोष्टींची ओढ लागते. कुणी कच्चे तांदूळ खातं, कुणी भाजकी माती, कुणी पाटीवरची पेन्सिल, कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा फोडून. दवाखान्यात 'वेगळं काही खावंसं वाटतं का' असं विचारलं की बाई आधी 'छे, काही नाही' म्हणते, आणि शेजारी बसलेली तिची मुलगी खाली बघून हसायला लागते. मग कळतं की पदराच्या गाठीला पेन्सिलचे तुकडे आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही. लोह सुरू केलं की ही ओढ बहुतेक वेळा हिमोग्लोबिन वाढायच्याही आधी जाते. म्हणजे मुलगी हसते ते हसू दे, पण डॉक्टरांना हे सांगायचं.

आता पाळी. 'आईलाही तसंच होतं' हे वाक्य मी रोज ऐकते. आईला तसं होत होतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. कदाचित आईही अशीच थकून पायरीवर बसत असेल, तिला कुणी विचारलं नसेल इतकंच. सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं, रात्री उठून चादर बघावी लागणं, यांतलं एकही असेल तर अंगावरून जास्त जातंय असं धरायचं. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त जाणं हे जास्त. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे एका पाळीत ४० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं. आणि जेवणातून आपलं शरीर दिवसाला उचलतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत जातं. हा हिशोब अकाउंट्सवाल्या बाईला मी काय समजावून सांगू! जमेपेक्षा खर्च जास्त आहे आणि तो दर महिन्याला आहे.

म्हणून नुसत्या गोळ्या घेऊन चालणार नाही, रक्त का जातंय तेही बघावं लागेल. चाळिशीनंतर पाळीतले हार्मोन्स वरखाली होतात, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असतात, थायरॉइडही पाळी वाढवतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. खाजगी नको असेल तर आपल्या नागपुरात सरकारी दवाखाने आहेत : मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे, बाईच्या आजारांसाठी डागा आहे. रांग लागते, सुट्टी घ्यावी लागते, हे मला माहीत आहे. घ्या सुट्टी. पाळीमुळे थकवा असताना, रजा न घेता तुम्ही आजवर किती दिवस रेटून नेले असतील ते तुमच्या खात्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

तुमच्या मनात येईल, मागच्या वर्षी हिमोग्लोबिन केलं होतं, बरं होतं. बायकांसाठी १२ च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात, आणि लॅबवाले १२.१ ला नॉर्मल छापून मोकळे होतात. पण हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातला डबा, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी, ही मागच्या खोलीतली कोठी. कोठी खरवडून काढली तरी डब्यात काही दिवस धान्य दिसतंच. फेरिटिन १५ च्या खाली गेलं की साठा संपलाच, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार सुरू करतात. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप हे सगळं हिमोग्लोबिन घसरण्याआधीही होऊ शकतं. फक्त ताप, सर्दी-खोकला किंवा कुठे सूज असेल तेव्हा फेरिटिन करू नका. तेव्हा ते खोटं वर जातं.

तुम्ही एकट्या नाही आहात, हेही सांगते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग निघाला. निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या असल्या की थकवा हाच बाईचा स्वभाव वाटायला लागतो.

तुमच्या त्या मल्टिव्हिटॅमिनचा डबा हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. वीस-बावीस नावं असतील. अशा बऱ्याच डब्यांवर 'औषध म्हणून वापरासाठी नाही' या अर्थाची इंग्रजी ओळही असते. ती ओळ खरी आहे, कंपनीने कायद्याने छापलेली आहे. लोह त्यात असलंच तर थोडं, आणि त्याच गोळीत कॅल्शियम, झिंक. हे लोहाच्या शोषणात आडवे येतात. वरून तुम्ही ते चहासोबत घेतलंत. चहातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात, ते तसंच पोटातून निघून जातं. लघवीचा भडक पिवळा रंग हा बी २ चा. शरीराला नको होतं ते त्याने बाहेर टाकलं, बाकी घाबरायचं कारण नाही. दुकानातल्या मुलाने सुचवलेल्या जिनसेंगने तुमच्या फेरिटिनमध्ये एका आकड्याचाही फरक पडणार नाही. तो मुलगा वाईट नाही, पण त्याच्या काउंटरवर जे आहे तेच तो सुचवणार.

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती कशी घ्यायची ते लक्षात ठेवा, कारण गोळीच्या नावापेक्षा याने जास्त फरक पडतो. शक्यतो रिकाम्या पोटी, पाण्यासोबत किंवा लिंबू-पाण्यासोबत. चहा-कॉफी तासभर आधी नाही, तासभर नंतर नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती आणि लोह यांच्यात चार तास. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, किंवा एक दिवसाआड घ्यायचं का ते विचारा. एक डोस घेतला की शरीर पुढचा दिवसभर लोहाचं दार जरा ओढून घेतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेलं बऱ्याच जणींना चांगलं लागू पडतं. शौच काळी होईल, ते गोळीमुळे. मात्र गोळी सुरू नसताना काळी, डांबरासारखी चिकट शौच झाली तर लगेच दवाखाना गाठायचा, कारण ते आतड्यातलं रक्त असू शकतं. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दीड अंकाने चढलं पाहिजे. चढलं नाही तर काहीतरी चुकतंय. आणि चढलं की गोळी बंद करायची ही सगळ्यांत मोठी चूक. डबा भरला तरी कोठी भरायला आणखी तीनेक महिने लागतात. या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. लाल, गोड आवरणाच्या असतात, आणि मूठभर खाल्ल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

वहिनींचं बी १२. तुमच्या घरी अंडंही नाही म्हटल्यावर ही शंका मलाही येते. बी १२ झाडपाल्यात नसतं. मोड आलेल्या मटकीत असतं, इडलीच्या आंबवलेल्या पिठात असतं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्यावर विसंबू नका. शाकाहाऱ्यांना ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं, आणि आपल्याकडे बाईच्या वाट्याला दूध येतं ते चहातलं. यकृतात साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता हळूच येते : पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरायला होणं. वहिनींना इंजेक्शनने फरक पडला कारण त्यांना ते कमी असणार. तुमचं कमी आहे का ते कुणालाच माहीत नाही. म्हणून आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. उलटं केलंत तर आकडा वर गेलेला असतो आणि मूळ खड्डा किती होता ते कधीच कळत नाही. फार कमी नसेल तर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनीही भागतं, दर वेळी सुई लागत नाही.

पंडुरोग म्हणजे लोहच असं नसतं, हे कळलं त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार बायकांमधला गरोदरपणातला पंडुरोग अभ्यासायला आल्या. त्यांना यीस्टच्या अर्काने गुण येतो असं दिसलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आता त्याच फॉलिक ॲसिडची गंमत अशी की बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणूनही अंदाजाने गोळ्या नकोत.

आणखी एक तपासणी मी पुण्या-मुंबईच्या बाईला कदाचित सुचवली नसती, पण आपण विदर्भात राहतो. सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात बराच आहे. नुसता वाहक असलेल्या माणसाला सहसा काही त्रास नसतो, तो थकव्याचं कारणही नसतो. पण रिपोर्ट वाचताना डॉक्टरांना ते माहीत असलेलं बरं. सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारख्या गोष्टींत हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि लोह मात्र पुरेसं असतं, अशा वेळी महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या गिळून उपयोग नाही, अपायच होऊ शकतो. साधी सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची, खात्री करायची तपासणी : इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. तुमच्या मुलीसाठीही हे उपयोगाचं आहे. पुढे नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि आपल्याकडे पत्रिका जुळवायला वेळ असतो, हे बघायला नसतो.

ड जीवनसत्त्व थोडक्यात. नागपूरच्या उन्हात राहून ड कमी कसं, असं सगळे विचारतात. आपण उन्हात असतो कुठे? गाडीवर तोंडाला स्कार्फ, हाताला मोजे, अंगात सनकोट, आणि मग दिवसभर ऑफिसात. सकाळी सातचं कोवळं ऊन फिरायला छान, पण त्यातून ड फारसं मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. डिसेंबरात ते आपल्याकडे जेमतेम दुपारी बाराच्या आसपास मिळतं, मे महिन्यात सकाळी नऊलाच. मे मधल्या दुपारी मात्र ड साठी म्हणून गच्चीवर उभ्या राहू नका, उष्माघात होईल. काचेआडून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. ड कमी निघालं तर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरवून दिलेले आठवडेच घेतात. मी ती रोज घेणारे लोक पाहिले आहेत. ड शरीरात साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो.

सासूबाईंचा मान ठेवून सांगते, सलाईन नको. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. दोन तास पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कुणी चहा आणून देतं, त्यानेच अर्धी तरतरी येते. तेवढं तर सुईशिवायही मिळायला हवं. बिटाचा रंग लाल आहे, त्यात लोह फार नाही. कोशिंबीर म्हणून खा, औषध म्हणून नको. त्यापेक्षा हरभरा, चवळी, मसूर, अळीव, तीळ, बाजरी, आणि हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, तांदुळजा. वरून लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर संत्र्याच्या चार फोडी. क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह जास्त उचललं जातं. संत्र्यांच्या गावात राहून आपण संत्रं खातो ते बर्फीतलं, हे काही बरं नाही. पण बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम मानली आहे आणि तुमची कोठी रिकामी असेल तर ती नुसत्या जेवणाने भरणार नाही. जेवण पुढे टिकवायला, आत्ता भरायला औषध.

आणि झोप. तुम्ही साडेपाचला उठता हे लिहिलंत, झोपता किती वाजता ते लिहिलं नाहीत. जी बाई हे लिहीत नाही ती बहुधा बारा वाजता ओटा पुसत असते. पाच तासांच्या झोपेवर कुठलीही गोळी चालत नाही. नळ कुणा दुसऱ्यालाही भरता येतो. यजमान टणटणीत आहेत असं तुम्हीच लिहिलंय. झोपून उठल्यावरही मन जड, कशातच रस नाही, उगाच रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मनाचा आजारही शरीराच्या थकव्याचंच सोंग घेऊन येतो. बोलायला अवघड वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.

तपासण्या मोजक्या करा : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी १२, टीएसएच (थायरॉइडची), साखर, आणि सिकलसेलची. जमल्यास ड. ऐंशी चाचण्यांचं फुल बॉडी पॅकेज नको. त्यात एखादा आकडा इकडेतिकडे येतोच, मग त्याच्या मागे धावणं सुरू होतं, आणि फेरिटिन त्यात असेलच असंही नाही. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद करा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. लोह आणि बी १२ दोन्ही कमी असले तर सीबीसीतला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल दिसू शकतो, एक पेशी लहान करतं आणि दुसरं मोठी, म्हणून नुसत्या सीबीसीवर थांबू नका. वजन आपोआप उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, छातीत दडपण येत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता आधी डॉक्टर.

सवयीचं विचारलंत. लोह, बी १२, ड यांची सवय लागत नाही. बंद केल्यावर पुन्हा थकवा आला तर याचा अर्थ कारण अजून तसंच आहे, आणि तुमच्या बाबतीत ते बहुधा पाळीत सापडेल. चालू असलेलं मल्टिव्हिटॅमिन तपासणीपर्यंत थांबवलंत तर काही बिघडणार नाही. राहिलेल्या गोळ्या फेकू नका, डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

आणि यजमानांची शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल, चार-पाच वर्षं झाली असतील, तर त्यांचंही बी १२ तुमच्यासोबतच करून घ्या. त्या गोळीने बी १२ चं शोषण कमी होतं, आणि पायाला मुंग्या आल्या की त्या शुगरच्याच समजून घरोघरी सोडून दिल्या जातात.